फ्लॅटच्या मीटरवरून कार चार्जर: वायर किती एमएमची, हे सगळ्यात शेवटी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या मनीष नगरात तीन मजली फ्लॅट स्कीम, खाली स्टिल्ट पार्किंग, मीटर जिन्याखाली, आणि तिथून तुमची गाडी उभी राहते ती जागा साधारण ३५ मीटरवर. कारसोबत ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर मिळाला. मिस्त्री म्हणतो ४ एमएमची वायर आणि ३२ अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) भरपूर झाली. तात्पुरता जोडून पाहिला तर चार्जरवर अर्थ फॉल्टचा लाल दिवा लागला, त्यावर तो म्हणाला, "न्यूट्रल आणि अर्थ एक करून देतो, दिवा जाईल." आता तुम्हाला विचारायचंय की वायर ४ ची घ्यावी की ६ ची, आणि सोसायटीची एनओसी लागते का.

भाऊ, वायरचं नंतर बोलू. ते न्यूट्रल-अर्थ एक करायचं काम आधी थांबवा. केलं असेल तर जंपर (त्या दोघांना जोडणारा तारेचा तुकडा) काढेपर्यंत गाडी त्या चार्जरला लावू नका.

आपल्याकडे बहुतेक घरांत महावितरणकडून येतात त्या फेज आणि न्यूट्रल. अर्थ ही आपली स्वतःची, बिल्डरने खोदलेल्या खड्ड्यातून आलेली. चार्जर सुरू होण्याआधी ती अर्थ खरंच जमिनीपर्यंत पोचते का, हे तपासतो. नाही पोचली तर लाल दिवा. म्हणजे चार्जर बिघडलेला नाही, तो बिल्डिंगचा बिघाड दाखवतोय. मिस्त्रीने मीटरपेटीत जंपर टाकला की चार्जरला न्यूट्रलच अर्थ वाटते आणि दिवा हिरवा होतो. मग एखाद्या दिवशी, मे-जूनच्या वादळात म्हणा, खांबापासून मीटरपर्यंतचा न्यूट्रल कुठेतरी सुटतो. बिल्डिंगमधून परतणाऱ्या करंटला वाट उरत नाही, तो जंपरमधून अर्थच्या वायरवर चढतो आणि तिथून थेट गाडीच्या बॉडीवर येतो. दाराच्या हँडलला २३० व्होल्टच्या जवळपास.

"आरसीसीबी आहे ना, ती पडेल," असं वाटेल. आरसीसीबी म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच. जंपर तिच्या आधी असेल तर नाही पडणार. ती फक्त फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सारखा आहे का ते बघते. इथे तिच्यातून दोन्ही सारखेच जातात, गडबड तिच्या मागे होते. आणि जंपर आरसीसीबीच्या नंतर टाकला तर ती लगेच पडत राहते, मग तोच मिस्त्री "ही सारखी पडते" म्हणून तीच काढून टाकतो. दोन्ही प्रकार मी नागपुरात पाहिले आहेत, चांगल्या नव्या स्कीममध्येसुद्धा. काही देशांत वितरण कंपनीच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देते हे खरं आहे, पण तिथे न्यूट्रल वाटेत ठिकठिकाणी जमिनीला जोडलेला असतो आणि गाडीच्या चार्जरसाठी वेगळी खबरदारी घेतात. जिन्याखालच्या पेटीतला जंपर म्हणजे ते नव्हे.

तर तुमचा खरा प्रश्न अर्थिंगचा आहे.

मनीष नगर, बेसा या बाजूची काळी माती तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भेगाळली की इलेक्ट्रोडभोवतीची (खड्ड्यात पुरलेल्या धातूच्या दांड्याभोवतीची) माती त्याला सोडून देते आणि ऑगस्टमध्ये ३ ओहम दाखवणारा खड्डा मे महिन्यात कितीतरी वर जातो; हा आकडा जितका कमी तितकी अर्थ चांगली. सेमिनरी हिल्सच्या बाजूला उलट अडचण, थोडं खोदलं की काळा खडक. म्हणून अर्थिंग मोजायची तर उन्हाळ्यात मोजा, आणि मोजायची म्हणजे अर्थ टेस्टरने. मल्टिमीटर इथे फसवतो. फेज आणि अर्थ यांच्यात तो २३० दाखवेल आणि मिस्त्री म्हणेल "अर्थ मस्त आहे". मल्टिमीटरला जवळजवळ करंट लागतच नाही, त्यामुळे नावापुरती टेकलेली अर्थसुद्धा त्याला पूर्ण दिसते. खरा करंट वाहायची वेळ आली की तीच अर्थ मान टाकते.

बिल्डिंगच्या जुन्या खड्ड्यात किती जणांची अर्थ बांधली आहे, पट्टी गंजली आहे का, जोड वेल्ड केलाय की नुसता पिळलाय, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. मी अशा कामात चार्जरसाठी वेगळा इलेक्ट्रोड घेतो, भोवती बेंटोनाइटसारखं ओल धरणारं मिश्रण भरतो, वर तपासणीचं झाकण ठेवतो आणि तो बिल्डिंगच्या मुख्य अर्थ पट्टीलाही जोडतो. एकाच इमारतीत दोन अर्थ वेगवेगळ्या सोडू नयेत. उन्हाळ्यात ५ ओहमच्या आत आलं की मला समाधान असतं.

आता हिशेब बघा. तुमच्या बिल्डिंगची अर्थ आणि डीपीची, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची, अर्थ मिळून वाटेत १० ओहम आहेत असं धरू. चार्जरच्या आत फेज बॉडीला लागला तर करंट किती वाहील? २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. तुमची ३२ ची किंवा ४० ची एमसीबी हे बघून हलणारसुद्धा नाही, तिच्या दृष्टीने हा नेहमीचा लोड आहे. गाडीची बॉडी मात्र तेवढा वेळ जिवंत, म्हणजे शॉक देणारी. म्हणून आपल्या पद्धतीच्या अर्थिंगवर चार्जरला आरसीसीबी, ज्याला आपण अजून ईएलसीबीच म्हणतो, ती लागतेच.

इथे नियमही स्पष्ट आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत ईव्ही चार्जिंगचा भाग २०१९ च्या दुरुस्तीने आला आणि २०२३ च्या नव्या विनियमांत तो कायम आहे. प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतःचं वेगळं सर्किट हवं, त्यावर स्वतःचं ओव्हरलोड संरक्षण हवं. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्तीची नको, न्यूट्रलसकट सगळ्या जिवंत तारा तोडणारी हवी, आणि किमान टाइप ए ची हवी. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर. गाडी उभी केल्यावर जोडायची जागा चार्जिंग पॉइंटपासून ५ मीटरच्या आत. एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही, गाडीच्या बाजूला अडॅप्टर चालत नाही. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडलेली लाल-काळी वायर, जी आपण बऱ्याच ठिकाणी पाहतो, ती यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीत नापास होते.

टाइप ए वर जरा थांबतो, कारण दुकानात इथेच घोळ होतो. साध्या घरगुती आरसीसीबी बहुतेक टाइप एसी असतात. गाडीच्या आतली यंत्रणा एसीचं डीसी करते, आणि तिथे बिघाड झाला की गळणाऱ्या करंटमध्ये डीसीचा अंश येतो. तो टाइप एसीच्या आतल्या कोअरला सुन्न करतो. बटण दाबून पाहिली तर ठणठणीत, आणि वेळ आली की गप्प. ओळखायचं कसं? पुढच्या बाजूला एक छोटा चौकोन छापलेला असतो. त्यात नुसती एक लाट असेल तर टाइप एसी. लाटेखाली तुटक अर्ध्या लाटांचीही खूण असेल तर टाइप ए. काउंटरवरच डबी उघडून बघा. टाइप ए लासुद्धा गुळगुळीत डीसी जास्त झालं की तेच होतं, म्हणून चार्जरच्या माहितीपत्रकात ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखणारी सोय आत आहे का, ते वाचा. असेल तर बाहेर टाइप ए पुरते. नसेल तर टाइप बी घ्यावी लागते आणि ती चांगलीच महाग आहे. चार्जर मात्र आयएस १७०१७ मालिकेप्रमाणे तपासलेला असावा.

आणखी एक, ही आरसीसीबी फक्त चार्जरची असू द्या. घराच्या आरसीसीबीवर चार्जर टाकलात तर उन्हाळ्यात कूलरच्या पंपाने थोडी गळती केली की रात्री गाडीचं चार्जिंगही बंद. सकाळी बुटीबोरीला निघायचं आणि बॅटरी कालच्याच जागी.

आता लोडकडे येऊ. तुम्हाला ७.२ किलोवॅट खरंच लागतात का? तुम्ही रोज बुटीबोरीला जाता असं लिहिलंय. जाऊन-येऊन ५० किलोमीटर धरले तर गाडीला ८ युनिटच्या आसपास लागतात, चार्जिंगमधला तोटा धरून ९. चार्जर १६ अँपिअरवर ठेवला तर सुमारे ३.७ किलोवॅट मिळतात, म्हणजे अडीच तासांचं काम. रात्री ११ ला लावा, झोपेत होऊन जातं. ३२ अँपिअर कधी लागेल? समृद्धीवरून लांब जाऊन उशिरा घरी आलात आणि सकाळी परत निघायचंय, तेव्हा. असे प्रसंग वर्षात किती येतात ते तुमचं तुम्हाला माहीत.

हे विचारतोय कारण तुमचा मंजूर भार बिलावर ३ किलोवॅट आहे. ७.२ चा चार्जर, दीड टनाचा एसी आणि एक गिझर एकत्र चालले तर ११ किलोवॅटच्या आसपास जातं, म्हणजे ४७-४८ अँपिअर. महावितरणचा सिंगल फेज पुरवठा ४० अँपिअरपर्यंतचा. तेव्हा दोन वाटा आहेत. चार्जर १६ अँपिअरवर बांधून ठेवायचा आणि मंजूर भार ७-८ किलोवॅटपर्यंत वाढवून घ्यायचा, किंवा थ्री फेज घ्यायचा. बऱ्याच चार्जरमध्ये आत छोटे स्विच असतात किंवा ॲपमधून करंटची मर्यादा ठरवता येते. मी तुमच्या जागी असतो तर आज १६ वर बांधला असता. पण भार वाढवायचा अर्ज मात्र टाळू नका. भार वाढवलेला नसताना वायर जळाली तर उत्तर द्यायला तुमची बाजू लंगडी पडते.

आणि आता वायर. एसी, गिझर चालू-बंद होत राहतात. चार्जर सुरू झाला की तासन्‌तास एकाच करंटवर बसतो, म्हणून गिझरच्या पॉइंटला जे चालतं ते इथे चालत नाही. तांब्याची ४ एमएम वायर (एमएम म्हणजे चौरस मिलिमीटर, आपण बोलताना चौरस गाळतो) ३५ मीटर न्यायची तर जाऊन-येऊन ७० मीटर. तिचा रेझिस्टन्स ०.३२ ओहमच्या आसपास. ३२ अँपिअरला १० व्होल्ट वाटेतच जातात आणि सुमारे ३३० वॅट नुसती उष्णता होते, पाइपाच्या आत. ६ एमएमला हाच आकडा २२० वॅट, १० एमएमला १३०. आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळी एसी-कूलरमुळे व्होल्टेज आधीच खाली असतं, त्यात हे १० व्होल्ट आणखी.

पण मला ४ एमएम नको म्हणायचं मोठं कारण व्होल्टेज नाही, तापमान आहे. वायरच्या तक्त्यातली क्षमता आपल्याकडे ४० अंश हवेला धरून दिलेली असते. नागपूरच्या मेमध्ये बाहेरच ४५ असतं, जिन्याखालच्या बंद मीटरखोलीत ५० सहज. पीव्हीसी वायरची क्षमता तिथे जवळपास पाचवा भाग कमी होते. एमसीबीचंही तसंच, ती ३० अंशाला जुळवलेली असते. तापलेल्या पेटीत ३२ ची एमसीबी ३२ अँपिअर सलग वाहिली तर काही वेळाने विनाकारण पडेल. म्हणून चार्जर ३२ वर चालवायचा तर एमसीबी ४० ची, सी कर्व्ह प्रकारची. आणि एमसीबी ४० ची केली की तिच्यामागची वायर त्या गरम खोलीतही ४० पेलणारी हवी. ६ एमएम तिथे अपुरी पडते, १० लागते. नुसती एमसीबी वाढवून वायर तीच ठेवणं, म्हणजे तुमच्या मिस्त्रीने पुढच्या उन्हाळ्यात "सारखी पडते" म्हणून जे केलं असतं ते, आग लागायचा सरळ रस्ता.

१६ अँपिअरवरच कायम राहणार असाल तर २० ची एमसीबी आणि ६ एमएम चालेल. तरी मी १० टाकायला सांगेन, कारण भिंती फोडणं, क्लॅम्प, मजुरी सगळं तेवढंच लागतं आणि उद्या ३२ वर जायचं झालं तर केबल पुन्हा ओढावी लागत नाही. पार्किंगमधून नेताना आर्मर्ड एक्सएलपीई केबल (वरून पोलादी कवच असलेली) घ्या. उंदीर साध्या पीव्हीसी पाइपाला जुमानत नाहीत आणि कुणाच्या गाडीचा बंपर कधी लागेल सांगता येत नाही. आर्मर, म्हणजे ते कवच, दोन्ही टोकांना ग्लँडने (केबल पेटीत घट्ट धरणाऱ्या धातूच्या नटाने) अर्थ झाला पाहिजे, आणि त्याच्या भरवशावर न राहता अर्थची वेगळी तांब्याची वायरही सोबत हवी. पैसे वाचवायला १६ एमएमची ॲल्युमिनियम आर्मर्ड सुचवतील. विजेच्या हिशेबाने ती १० तांब्याच्या जवळपासच आहे, मी नाही म्हणणार नाही. फक्त ॲल्युमिनियमचं टोक सरळ चार्जरच्या पट्टीत कोंबू देऊ नका. बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेलं टोक) लावून आधी एका छोट्या पेटीत तांब्यावर या. चार्जरच्या पेटीत जळालेलं काही सापडलं तर बहुतेक वेळा केबल मधूनच जळालेली नसते, स्क्रूखालचं ढिलं टोक जळालेलं असतं.

केबल कुठून निघेल? मीटरनंतर लगेच, मीटरखोलीतच. एक वाट तुमच्या फ्लॅटला, दुसरी चार्जरला, प्रत्येकीला स्वतःचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच. वर फ्लॅटच्या डीबीतून (घरातल्या स्विचपेटीतून) पुन्हा खाली यायचं नाही. आणि कॉमन मीटरच्या लाइटमधून तर मुळीच नाही. तिथून घेऊ नका असं सेक्रेटरी म्हणत असतील तर त्यांचं बरोबर आहे.

एनओसीबद्दल. वीज तुमच्या मीटरची, त्यासाठी कुणाची परवानगी नको. पण केबल सामाईक भिंतीवरून जाते आणि चार्जर सामाईक खांबावर बसतो, त्यासाठी लेखी संमती घ्याच. आपल्याकडच्या पुष्कळ फ्लॅट स्कीम सहकारी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या असोसिएशन आहेत. तिथे पार्किंगची जागा कुणाची, हे डीड ऑफ डिक्लेरेशनमध्ये (स्कीमच्या मूळ दस्तऐवजात) बघा. भांडणं विजेवरून कमी आणि या कागदावरून जास्त होतात. संमती मागताना केबलचा मार्ग दाखवणारा साधा नकाशा आणि ठेकेदाराचा परवाना जोडा, निम्मा विरोध तिथेच मावळतो.

स्वतःची गाडी स्वतःच्या घराच्या मीटरवर चार्ज केली तर घरगुती दरच लागतो. फक्त स्लॅब बघा. महिन्याला २०० युनिटच्या आसपास वाढले तर तुमचे वरचे युनिट ३०० च्या पुढच्या महाग टप्प्यात जातील. तसं होत असेल तर ईव्हीच्या स्वतंत्र वर्गवारीत वेगळं मीटर घेऊन हिशेब करून बघा. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून ईव्हीसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क स्पष्ट आहे. वेगळ्या मीटरचा आणखी एक फायदा म्हणजे घरच्या ४० अँपिअरचं कोडंच उरत नाही. तोटा म्हणजे स्थिर आकार दोनदा. कमी फिरणं असेल तर परवडत नाही, तुमच्या ५० किलोमीटरला कदाचित परवडेल. चालू दरपत्रक समोर ठेवून आकडे मांडा.

जागा ठरवताना ८०० मिलिमीटर हा किमान आकडा आहे, तेवढंच ठेवायचं असं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला, तेव्हा शंकर नगर, धरमपेठ, कॉर्पोरेशन कॉलनीकडच्या तळमजल्यांत किती पाणी चढलं ते आठवा. तुमच्या पार्किंगमध्ये गेल्या काही वर्षांत पाणी कुठपर्यंत आलं, हे चौकीदाराला विचारा आणि त्याच्या वर, साधारण छातीच्या उंचीवर चार्जर बसवा. मीटरखोलीच्या दाराशी किंवा जिन्याच्या तोंडाशी बसवू नका, काही झालं तर बाहेर पडायची वाट तीच असते. विजा आपल्याकडे कमी कोसळत नाहीत, तेव्हा त्या पेटीत सर्ज प्रोटेक्टरही घाला. त्याचीही अर्थ आखूड आणि सरळ हवी, नाहीतर तो शोभेचा.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. भार वाढवायच्या अर्जालाही त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तो घेताना कागदावर आकडे मागा, "ओके" लिहिलेलं चालवून घेऊ नका. ५०० व्होल्ट मेगरने इन्सुलेशन किती आलं, अर्थ किती ओहम आणि कोणत्या महिन्यात मोजली, आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला किती मिलिसेकंदांत पडली. ही शेवटची चाचणी ३०० मिलिसेकंदांच्या आत यायला हवी, आणि तिच्यासाठी वेगळं यंत्र लागतं. पैसे ठरवण्याआधी ठेकेदाराला विचारा, ते यंत्र त्याच्याकडे आहे का. "बटण दाबून दाखवतो ना" असं उत्तर आलं तर दुसऱ्याला बोलवा. बटण फक्त आतला दांडा हलतो का ते सांगतं, अर्थ आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. तरी ते बटण महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः दाबत जा, गाडी लावलेली नसताना.

लाल दिव्याचं काय करायचं ते विसरत होतो. नवी अर्थ बांधून झाल्यावरही दिवा राहिला, तर चार्जरच्या टर्मिनलवर फेज आणि न्यूट्रल उलटे लागलेत का ते ठेकेदाराकडून बघून घ्या. काही चार्जर त्यालाही अर्थ फॉल्टच म्हणतात.